सुसरीच्या शेपटीचा दोष

सोमाभाऊ, तुमची सुसर अजून ठोकळ्यांवरच उभी आहे. मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली आहेत आणि त्यांच्यावर पार्बताबाईंनी तुमचं धुतलेलं धोतर वाळत घातलं आहे. मी म्हटलं, बाई, काळं लागेल. तर म्हणाल्या, "लागू दे. पस्तीस वर्सं काळंच धुतलं." आरमोरीचे लोक येतात, ओसरीवर बसतात, दोन शब्द बोलतात आणि जाताना मोटारीखाली वाकून बघतात. सवयच पडली आहे सगळ्यांना. तुमच्याकडे यायचं म्हणजे आधी खाली वाकायचं, पाय दिसले की बोलायला सुरुवात करायची.

उद्या तुमची तेरवी. जेवणाआधी मी चार शब्द बोलावेत असं ठरलं आहे, कारण मंडळींत शिकलेला मी एकटा. तुमचं गाव कोणतं, लोहारकीचा भाता कधी टाकला, हे मी सांगणार नाही. ते इथल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे आणि ती दीड वर्षापूर्वीच सांगायला हवी होती. सती नदीच्या रपट्यावर, पुरात बुडणाऱ्या त्या ठेंगण्या पुलावर, सुसर घसरली तो दोष तुम्ही बसवलेल्या आडदांडीचा नव्हता. माझा होता. नुसतं तोंडानं बोलायला उभा राहिलो तर नेमकं एवढंच वाक्य मी गिळीन. मी स्वतःला ओळखून आहे. म्हणून लिहून काढतो आहे, आणि तुम्हालाच उद्देशून लिहितो आहे, कारण हे पहिल्यांदा ऐकायचा हक्क तुमचा.

आपली ओळख झाली ती ह्याच मोटारीपायी. जमीनदारी गेली तशी जमीनदारांची अमेरिकन मोटारही गेली. त्यांच्या बाईंनी ती आमच्या कुरखेड्याच्या दवाखान्याला देऊन टाकली. हिरवी, लांबलचक, पुढून चपटी. मी तेव्हा नुकताच दवाखान्याचा कारभारी झालो होतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला, आणि नागपूरहून बी.एस्सी. होऊन परत आलेला तर आजूबाजूच्या गावांत पहिला. बाप बैलबंडी हाकायचा, जंगलातून लाकूड डेपोवर आणायचा. त्याच्या मुलानं मोटार हाकायची म्हटल्यावर ड्रायव्हर ठेवायचा प्रश्नच नव्हता. मीच हाकायला लागलो. दूरच्या खेड्यांतून आजारी माणसं आणायची, कुणाला पुढं ब्रह्मपुरीला पोचवायचं, औषधं आणायची.

पण मोटार सरळ चालेना. पुढचं तोंड रस्त्यावर आणि मागचा भाग आपल्या मर्जीनं डावीकडे-उजवीकडे. आपल्याकडचे रस्ते तुम्हाला सांगायला नकोत. बंड्यांच्या चाकोऱ्या एका मापाच्या, मोटारीची चाकं दुसऱ्या मापाची, त्यामुळे एक चाक चाकोरीत तर दुसरं उंचवट्यावर. प्रत्येक उंचवट्याला मागचा भाग शेपटीसारखा हलायचा. लोकांनी नाव ठेवलं, सुसर. पेशंट मागच्या सीटवर आडवा असला की मला त्याचं कण्हणं प्रत्येक वळणावर ऐकू यायचं.

मी मोटार तुमच्या दारात लावली. तुम्ही खाली गेलात आणि बराच वेळ बाहेरच आला नाहीत. मग आतूनच आवाज आला.

"कोण हाकते हे?"

"मी."

"काय शिकला गा तू?"

"बी.एस्सी."

"मंग तुले सांगाले हरकत नाई. इथी खाली ये."

माझी पँट पांढरी होती. ते तुम्हाला दिसलं होतं. तरी खाली बोलावलंत.

त्या दिवशी मातीत उताणा पडून मी जे शिकलो ते कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं. मागचा आस दोन वेटोळ्या स्प्रिंगांवर बसलेला. वेटोळं वरचा भार झेलतं, पण आसाला आडवं सरकण्यापासून अडवत नाही. पुढं-मागं धरायला शाफ्टवरची जाड नळी, ती गिअरबॉक्सपाशी एका गोळ्यावर झुलते. आणि आडवं धरायला फक्त एक लोखंडी दांडी. तिचं एक टोक चासीला, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याला, उजवीकडे, दुसरं टोक आसाला डावीकडे, दोन्ही टोकांच्या भोकांत रबराचे बुश, जाड कड्यांसारखे. तुम्ही तिला आडदांडी म्हणालात. कुठल्या तरी दगडावर आपटून ती वाकली होती आणि रबर झिजून खुळखुळत होतं.

"बैलाच्या शेपटीले कोणी धरलं नाई तर ते हलनच," तुम्ही म्हणालात. "हे दांडी धरणारी व्हय. तेच लंगडी झाली."

मग आपलं पहिलं भांडण झालं. माझं म्हणणं, दोष नुसत्या वाकण्याचा नाही, एकच दांडी हाच मूळ दोष आहे. दांडीचं टोक चासीला बांधलेलं, म्हणजे दुसरं टोक वरखाली होताना गोल रेषेत फिरणार, आणि आसाला बाजूला ओढणार. मी वही काढून चित्र काढलं. एकीऐवजी दोन दांड्या, एक उजवीकडून, एक डावीकडून, आणि आसाच्या मध्यावर एक फिरता तुकडा, दोन्ही दांड्या त्याच्या दोन टोकांना. एकीनं डावीकडे ओढलं की दुसरी तेवढंच उजवीकडे ओढते. मधला तुकडा किंचित फिरतो आणि आस सरळ वर, सरळ खाली.

तुम्ही चित्र हातात घेऊन उन्हात गेलात. मला वाटलं, समजलं नसणार. परत आलात आणि म्हणालात, "डाव्या हातानं काढलं तरी चित्र खरं हाय. आता सांधे मोज."

मी मोजले. पाच.

"मायावाल्या दांडीत दोन. पाच सांधे म्हंजे पाच दुखणे. पुराड्याच्या पुढं जंगलात यातला एक गेला तं कोण बसवन?"

"मी बसवीन."

"तुले पाना धरता येत नाई बे, पेन्सिल धरता येते."

मला राग आला. तो तुम्हाला दिसावा म्हणून मी वही फाडकन मिटली. तुम्ही कागद मागून घेतलात आणि भात्याच्या वरच्या खुंटीला अडकवलात. "राहू दे इथी. कवा तरी तुयं खरं होईन." तो कागद अजून त्या खुंटीला आहे, धुरानं काळा झालेला.

आणि सोमाभाऊ, तुम्ही गेलात म्हणून मी ह्या वादात हार मानणार नाही. दोन दांड्यांची रचना चांगली आहे. रस्ता सुधारला आणि इथं सुटे भाग मिळायला लागले की लोक तीच वापरतील. पण त्या वेळी, त्या रस्त्यावर, तुमचं बरोबर होतं. हेही मी तुम्हाला तोंडावर म्हटलं नाही.

तुम्ही एका भंगार लॉरीचा जाड गज घेतलात आणि चासीच्या एका कडेपासून पार दुसऱ्या कडेपर्यंत जाईल एवढी लांब दांडी केलीत. "दांडी लांब तं तुया गोल रेषेचा वाक कमी. बंडीचं मोठं चाक पाह्य आन् लहान चाक पाह्य. कोणतं जास्त वळते?" मला ते चटकन पटलं, पण मी गज मोजत राहिलो. मग दांडी बसवायची वेळ आली तेव्हा मी लेव्हल लावली आणि म्हटलं, आता सपाट आहे, कसा बोल्ट.

"रिकाम्या मोटारीवर सपाट करून काय करतं? दवाखान्याची मोटार कवा रिकामी जाते?"

बंडी भरताना उलाळ होऊ नये, म्हणजे मागून जड होऊन जू वर उचलू नये, म्हणून गाडीवान माल भरल्यावरच बैलांच्या मानेपाशी हात लावून बघतो. तुम्हीही तेच केलंत. पार्बताबाईंना हाक मारलीत. त्या चुलीवरून उठून आल्या. शेजारच्या कुंभाराला बोलावलंत. धानाचं एक पोतं आणलंत. सगळ्यांना मागच्या सीटवर बसवलंत, बाईंना मधोमध.

"कुठी चाल्लो आपण?" बाईंनी विचारलं.

"कुठीच नाई. बसून राह्य."

"लगनात नाई बसवलं मोटारीत, आता दांडीपायी बसवून राह्यले."

कुंभार हसायला लागला, बाई हसायला लागल्या, मोटार गदगदा हलायला लागली आणि खालून तुमचा आवाज आला, "हासू नोका गा, माया बोल्ट हुकते." पोतं तेवढं गप्प होतं. त्या हसण्यात तुम्ही दांडी सपाट बसवली, पेशंट बसल्यावर जशी हवी तशी. मी नागपूरहून नवे रबरी बुश आणले होते, ते घातले. दुसऱ्या दिवशी सुसर कुरखेड्यापर्यंत शेपटी न हलवता गेली. मी वाटेत दोनदा मुद्दाम चाकोरीत घातली, तरी नाही. दवाखान्यात पोचल्यावर लोकांनी विचारलं, कुणी केलं? मी म्हटलं, "आम्ही केलं." आम्ही. तुमचं नाव घ्यायला किती अक्षरं लागत होती?

आता मुद्द्याचं.

दोन-तीन महिन्यांनी मागून आवाज यायला लागला. कुई, कुई, कुई. नव्या रबराचा कोरडा आवाज. त्यात दोष काही नव्हता, आज मला माहीत आहे. पण मी बंडीवाल्याच्या घरात वाढलो. आमच्या घरी चाक कुरकुरलं की बापाच्या आधी माझा हात बंडीखालच्या नळकांड्याकडे जायचा. बांबूचं नळकांडं, त्यात चाकाला द्यायचं ओंगणाचं तेल, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं. आवाज आला की तेल. हे कुणी शिकवत नाही, ते हातातच असतं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात टोळीचं तेल होतंच. मी रोज सकाळी मोटारीच्या मागे डाव्या बाजूला उकिडवा बसायचो आणि रबराला तेल पाजायचो. आवाज थांबला. मला बरं वाटलं.

रबर तेलात फुगतं आणि सडतं, हे मी कॉलेजच्या परीक्षेत लिहिलं होतं, सोमाभाऊ. उत्तर बरोबरही आलं होतं.

पावसाळा सरताना आम्ही एका बाईला घेऊन येत होतो. बाळंतपणानंतर तिचा ताप उतरत नव्हता. तिचा नवरा पुढं माझ्या शेजारी, सासू मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन. सतीच्या रपट्यावर पाणी घोट्याएवढं होतं. रपट्याच्या मध्ये मागचा भाग एकदम डावीकडे गेला आणि मागचं चाक काठावरून खाली उतरलं. मोटार तिरपी होऊन थांबली. सासू किंचाळली नाही. नुसतं "धर गा, धर" म्हणत राहिली. नवऱ्यानं बायकोला पाठीवर घेतलं आणि पाण्यातून पायी काठ गाठला. ती वाचली. पुढच्या वर्षी ती पोराला कडेवर घेऊन दवाखान्यात आली होती, तिनं मला ओळखलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

त्या दिवशी मोटारीखाली गेलो तेव्हा दोन्ही बुश भिजलेल्या भाकरीसारखे झाले होते. बोटानं दाबलं की बोट आत जाई. दांडी तशीच सरळ, तिला काहीच झालं नव्हतं. पण रबर तिला धरेना, म्हणून दांडी आसाला धरेना. मला एका क्षणात सगळं कळलं. आणि त्या क्षणात मी काय केलं, तर खिशातला रुमाल काढला आणि बुशवरचं तेल पुसलं. तुम्ही बघायला येणार होतात म्हणून.

दवाखाना चालवणाऱ्या पंचांची बैठक तिथल्याच ओसरीवर झाली. तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही खाली पायरीपाशी उभे राहिलात, वर बसायला कुणी सांगितलं नाही. एक पंच म्हणाले, "लोहाराच्या हाती मोटार देली तं ते बंडीच होणार." दुसरे हसले. मी वर खुर्चीवर होतो, बी.एस्सी., वही मांडीवर.

तुम्ही म्हणालात, "दांडी म्या केली. दोष असन तं मायाच असन."

मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. तुम्ही नुसतं वाट बघत होतात असं मला आता वाटतं. मी वहीचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं.

मला चूक कबूल करायची लाज नव्हती, असं मी कितीदा स्वतःला सांगितलं. रबराची चूक कुणाचीही होऊ शकते. मला लाज होती ती दुसरीच. मी काय केलं हे सांगायचं म्हणजे मी बंडीवाल्यासारखं केलं, हे सांगायचं. त्या ओसरीवर, त्या लोकांसमोर, "लोहार" म्हणून हसणाऱ्यांसमोर. त्यांनी मला खुर्ची दिली होती. मी तुम्हाला पायरीवर ठेवून ती खुर्ची राखली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण उद्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. पंचांनी मोटार मोठ्या गावच्या एका कारखान्यात पाठवली आणि तिथल्या मिस्त्रीनं वेटोळी काढून लॉरीसारखे पोलादी पट्ट्यांचे पाटे बसवायचं ठरवलं. पाट्याला आडदांडी लागत नाही, पाटाच आसाला धरतो. मोडला तर कुठलाही लोहार ठोकून देतो. ऐकायला फार सोयीचं. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही मला निरोप दिलात. "त्याइले सांग, ह्या मोटारीची नळी पुढच्या गोळ्यावर झुलते. पाट्याचं पुढचं टोक घट्ट बांधलं तं पाटा आपल्या जागीवून झुलन, नळी आपल्या जागीवून. दोन कासरे दोन माणसाइच्या हाती. पाट्याचे दोन्ही टोकं झुलते ठेवा म्हणा." मी निरोप पोचवला, एवढं तरी केलं. मिस्त्री म्हणाला, "आरमोरीचा लोहार आमाले शिकवून राह्यला का?" त्यानं घट्टच बांधलं. दोन महिन्यांत पाट्याचं बूड चासीतून उखडलं आणि नळीला तडा गेला.

मोटार परत तुमच्याकडे आणायची तर ती चालत नव्हती. माझ्या बापानं दोन बैलजोड्या लावून ओढून आणली. कुरखेडा ते आरमोरी, पूर्ण दिवस. रस्त्यात लोक म्हणत, सुसरीले बैलं ओढून राह्यले. मी बापाच्या शेजारी बसलो नाही, मागे मोटारीत स्टिअरिंग धरून बसलो, जणू मी हाकतो आहे.

तुमच्या दारात पोचलो. तुम्ही एक टोमणा मारला असता तरी मला हलकं वाटलं असतं. तुम्ही मारला नाही. बापाला पाणी दिलंत, बैलांना कडबा टाकलात. बाप सवयीनं आपल्या बंडीच्या चाकाला ओंगण द्यायला बसला, नळकांड्यातून तेल ओतायला लागला. तुम्ही त्याच्या हाताकडे बघत उभे होतात. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तुया पोराचा हात तुयावरच गेला." बाप खूश झाला. त्याला वाटलं तुम्ही माझ्या हाडापेराबद्दल बोलता. मलाही तेच वाटलं.

नंतर आपण दोघं खाली गेलो. तडा बघितलात. "सांग बीएस्सी, आता काय करू? पाटे ठेवून दोन्ही टोकं झुलते करू, का वेटोळे परत टाकून एक दांडी, का तुयं चित्र?"

पहिल्यांदा तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, माझं चित्र. तुम्ही म्हणालात, विचार करतो. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो. आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "नळी सांधली. बाकी आता पाहू नोको, पुरं झालं का बोलावतो." त्यानंतर निरोप आला तो तुमच्या जाण्याचा.

आज दुपारी पार्बताबाई म्हणाल्या, मोटार उतरवून घेऊन जा, तेरवीला मांडवासाठी जागा पाहिजे. मी खाली गेलो. धोतराशेजारून, पांढरी पँट घालून, तुम्ही पहिल्या दिवशी बोलावलंत तसा.

वेटोळी परत आली आहेत. एकच दांडी आहे, तीच, लांब. मला आधी वाईट वाटलं, माझं चित्र नाही घेतलं म्हणून. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. मग मी टोकांकडे पाहिलं. रबर नाही. दोन्ही टोकांत लाकूड आहे, तिवसाचं, ज्याचे आपल्याकडे बंडीचे आस करतात. भोक मधोमध अरुंद आणि दोन्हीकडे थोडं फाकलेलं, म्हणजे दांडी तिरपी झाली तरी लाकूड फुटणार नाही. नाकाशी नेलं तर टोळीच्या तेलाचा वास. तुम्ही ते तेलात उकळून काढलं होतं. आणि प्रत्येक बुशला वरून एक बारीक भोक, तेल सोडायचं. भोकाला पत्र्याची छोटी वाटी, कचरा जाऊ नये म्हणून झाकण.

भोकं डावीकडे मागच्या बाजूला वळवलेली आहेत. मी बसतो त्या बाजूला. डाव्या हातानं नळकांडं धरलं की बरोबर तोंड येतं.

बाहेर येऊन मी बाईंना विचारलं, सोमाभाऊंना कधी कळलं होतं?

"काय?"

"मी रबराला तेल देत होतो ते."

बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "रपट्यावून आले त्याच दिवशी. म्हणे, बुश पुसला हाय पण वास पुसता आला नाई पोट्ट्याले. मंग किती वेळ एकटेच हासत होते. म्या म्हटलं, तुमाले लोकं नावं ठेवतीन, जाऊन सांगा ना पंचाइले. तं म्हणे, नाई. कॉलेजात जाऊन आला, तरी हात बापाचाच राह्यला, हे काय लहान गोष्ट हाय का? त्याले कवातरी सोताहून सांगू दे."

मग एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "वाट पाह्यली त्याइनं. म्हणत नोते, पण तू आला का तुया तोंडाकडे पाह्यत."

सोमाभाऊ, मी दीड वर्षात तुमच्याकडे किती वेळा आलो? दर वेळी तुम्ही चहा सांगितलात. दर वेळी मी दांडीवर, सांध्यांवर, वेटोळ्यांवर, जगातल्या सगळ्या रचनांवर बोललो. माझा बोलण्याचा आवाज मला आता ऐकू येतो आहे, आणि त्याच्यामागे तुमचं गप्प बसणं.

हा कागद उद्या मी मांडवात उभा राहून वाचणार आहे, सगळा, बाईंनी सांगितलं तेही. पंच येणार आहेत. ते बसतील आणि मी उभा राहीन, ओसरीच्या पायरीपाशी. बाप येणार आहे. त्याला समोर बसवणार आहे, त्यानं ऐकायला हवं. वाचून झाल्यावर सुसर घेऊन कुरखेड्याला जाईन, मागच्या सीटवर त्याला बसवून, म्हणजे दांडी सपाट राहील.

आत्ता बाईंनी चुलीजवळून तेलाचं नळकांडं आणून दिलं. मी डाव्या बाजूला उकिडवा बसलो आणि झाकण उघडलं. दोन थेंब आत गेले. तिसरा चुकला आणि मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आला. खिशात रुमाल होता. पुसला नाही.